पाचवा घोडा

शिवडीच्या पुलाखाली पहाटेचे पावणेचार.
आठ घोडे, दोन हत्ती, एक बदक
ताडपत्रीखाली गपगार.
नथूमामा गुडघ्यावर हात देऊन वाकतो,
कपलिंगला कान लावतो.
"टक् वाजलं?"
वाजलं.
"मग उघड. परत लाव.
वाजलं म्हणणाऱ्याचंच सुटतं."

साखळ्या सरळ नाहीत, फुलीसारख्या.
दांडी निसटलीच तर रस्त्यावर आपटू नये,
ह्या झोळीत पडावी.
मोटर पुढं, मधला खांब पुढं,
घोडे चाकांच्या डोक्यावर,
मागं फक्त बदक.
"शेपूट जड झालं की गाडी आपली राहत नाही, इंदे."
हवा आत्ताच बघ, टायर थंडगार असताना.
चैत्राच्या उन्हात टायर खोटं बोलतं.

ह्या वर्षी तो येणार नाही.
डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
डॉक्टरांनी सांगितलंय, धूळ नको, धक्का नको.
आणि जत्रा म्हणजे तर हेच दोन.
खाडीच्या चिखलात फ्लेमिंगो अजून झोपलेले होते,
मी पहिला गिअर टाकला.
आरशात मामा लहान झाला, मग पुलाचा खांब झाला.

कल्याण, मुरबाड, मग माळशेजचा चढ.
पळस सरत आलेला, करवंदीला पांढरी फुलं,
खिडकीतून वास यायचा आणि लगेच क्लचचा.
मागं गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न.
मामा म्हणायचा, लाजायचं नाही, चिडायचंही नाही.
रुंद जागा आली की बाजूला व्हायचं,
पाणी प्यायचं, इंजिनलाही पाजायचं.
वळणावर आधी बाहेर, मग आत;
मागची चाकं नेहमी आपल्यापेक्षा आळशी, कोपरा कापतात.
चौकीवर हवालदार अश्पाकला म्हणाला,
"ड्रायव्हरला बोलव."
अश्पाकनं माझ्याकडं बोट केलं.
हवालदारानं एकदा मला बघितलं, एकदा बदकाला,
आणि कागद न बघताच सोडलं.

चार दिवस पाळणा फिरला.
पोरांच्या मुठीतली नाणी घामानं ओली.

उतरताना मी एकटी नव्हते, सगळे घोडे मागून ढकलत होते.
ज्या गिअरनं चढलीस त्याच गिअरनं उतर,
ब्रेक दाबून धरायचा नाही, दाबायचा, सोडायचा.
बोगदा मागं पडला आणि
एक एसटी सूंऽऽ करून घासून गेली,
तिच्या वाऱ्यानं ट्रेलर डावीकडं ओढला,
मग उजवीकडं,
मग डावीकडं, जास्त.
पाय ब्रेककडं निघालाच होता.
सगळं अंग पायात गेलं होतं.
"पाय उचल. फक्त उचल. चाक सरळ धर,
त्याच्याशी भांडू नकोस."
अश्पाकनं डोळे मिटलेले,
तरी कुणीतरी बोललं खरं.
मी पाय उचलला.
एक झोका, अर्धा झोका,
मग नुसता रस्ता.

तेव्हा कळलं,
पाचव्या घोड्याला डावा कान का नाही.
आठही घोडे दरवर्षी रंगतात,
लगाम बदलतात, डोळे नवे काढतात.
कान मामानं कधी बसवला नाही.
विचारलं की म्हणायचा, असू दे, त्याला कमी ऐकू येतं.
कुठल्या वर्षी, कुठल्या वळणावर
मामाचा पाय ब्रेकवर पडला होता,
ते मी आता विचारणार नाही.

शिवडीत पोचलो तेव्हा भरती चढली होती,
फ्लेमिंगो दूर, खारफुटीच्या कडेला.
मामा पट्टीशिवाय, डोळा लाल.
त्यानं आधी घोडे मोजले.
मग पोराचं कपाळ बघावं तसा
चाकाच्या आसाला उलटा हात लावला.
"ताप नाही."
एवढंच.

मी चाकाखाली दगड लावला.
तो थोडा वेळ बघत राहिला,
मग चपलेच्या टोकानं
बोटभर आत सरकवला.