घान

तेविसावा दिवस.
मोजे काढून पाहिलं, तळवे जागेवर आहेत.
मग या लाकडी फळ्यांवरून
ओल्या लोकरीवर चालल्यासारखी का चालते मी,
रात्रभर, खिडकीपर्यंत आणि परत?

पोटऱ्यांत गोळे येतात बरोबर तीनला.
जिभेवर जुन्या किल्लीची चव.
गोड हवं असतं, सारखं गोड,
पण इथलं गोडही द्राक्षाचंच,
रसात बुडवून दोऱ्याला टांगलेले अक्रोड.
म्हणून साखरेचे खडे चघळते उभ्याउभ्या,
पाठ दाराकडे.
सवय आहे चोरून तोंड हलवायची.

मागल्या वेळी सगळं दहा दिवसांत निवळलं होतं.
या वेळी शरीर रुसलंय.
डॉक्टर एतेरी म्हणाल्या, लामारा,
पहिल्यांदा ते तुझ्या शब्दावर विसंबलं,
आता त्याला पुरावा हवा.
मग चष्मा पुसत, जरा हलक्या आवाजात:
नसा वाढतात गं, पण केसांहूनही सावकाश.

चौदा महिने झाले होते.
मग भावाचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण आलं.
आमच्याकडे गेलेल्यांसाठी पावावर वाइन ओततात,
थेंब थेंब, नाव घेत.
मी ग्लासाला हात लावला नाही, कुणीही साक्ष देईल.
सगळे उठून गेल्यावर टेबल आवरताना
तो पाव राहिला होता ताटात,
जांभळा, फुगलेला,
नुग्झारच्या वाट्याचा.
टाकवेना मला.

पुढचे सहा आठवडे फारसे आठवत नाहीत.
कम्पोटच्या बरण्या आठवतात
ज्यांत कम्पोट नव्हतं.

आता ऑक्टोबर, आणि तेलावीत दर अंगणातून
तुडवलेल्या द्राक्षांचा वास रस्त्यावर वाहत येतो.
नाकाला रुमाल लावून शाळेत जाते.
लोकांना वाटतं, सर्दी.
बादरी हौदातूनच हाक मारतो, कोपरापर्यंत लाल हात हलवत.
मी नुसती मान हलवते.
हात दाखवायचे दिवस नाहीत हे.

पहिलीला आज घान शिकवायचं होतं.
जॉर्जियन लिपीत सरळ रेघ जवळजवळ नाहीच,
सगळी वळणं, काही म्हणता काही लपत नाही.
घानवरून घ्विनो, म्हणजे वाइन.
घानवरून घामे, म्हणजे रात्र,
आणि ती कशी जाते ते माझ्या चादरीला विचारा,
रोज सकाळी पिळून वाळत घालते.
घानवरून घ्रुबेली, ढग.
मी ढग निवडला.

उजवं मनगट डाव्या हातात धरलं,
श्वास रोखला, खडू टेकवला.
तरी पहिल्याच कमानीला तीन दाते फुटले.
पुसावं म्हणून फडकं शोधते तो
सव्वीस डोकी वह्यांत वाकलेली.

मधल्या सुट्टीत वह्या उघडल्या.
सव्वीस घान, सगळे थरथरते.
दारेजाननं तर कागद फाटेस्तोवर दाबून
प्रत्येक दाता उतरवला होता,
एकही न गाळता.
इतकं मन लावून
मला कुणी तपासलं नव्हतं.

बाचाना टेबलाशी येऊन उभा राहिला.
बाई, हे दाते काढायचेच असतात?
नाही रे, म्हटलं. अक्षराला दाते नसतात.
ते माझ्या हाताचे आहेत.
दुखतं?
तसं नाही.
मग जाणार कधी?

लाल पेन उचललं.
टोपण निघायला वेळ लागला.
तो थांबला, पाव खात, घाई न करता.
शुक्रवारी पुन्हा काढू, मी म्हणाले,
हेच अक्षर.