कोट सापडत नाही

रीगात नोव्हेंबरमध्ये चारलाच दिवे लागतात
आणि माझ्याकडे ओले कोट यायला लागतात.
एक हूक, एक पितळी बिल्ला, एक आकडा.
एकतीस वर्षं हेच.
माणसं मला चेहऱ्याने आठवत नाहीत,
अस्तराने आठवतात.

आज वरच्या सभागृहात कंपन्यांची माणसं आहेत
आणि शेवटच्या वर्षाची मुलं.
दाराशी फलक : ओळखी वाढवा.
जशी काही ओळख म्हणजे पावाची कणीक,
उबेला ठेवली की फुगणारी.

दाग्निया आणि सान्दिया,
दोघींत मिळून एक ब्लेझर.
राखाडी. डाव्या बाहीला आतून सेफ्टी पिन.
आधी दाग्निया वर गेली.
सान्दिया माझ्या आरशासमोर, स्वेटरवर,
आपलाच उजवा हात डाव्यात घेऊन हलवत,
"नमस्कार, मी पुलांचा अभ्यास करते.
नमस्कार, मी पूल.
मी अभ्यास."

बाविसाव्या मिनिटाला दाग्निया खाली आली.
ओठाला शेपूची काडी.
"काय झालं?"
"हेरिंग खाल्ला."
"आणि?"
"एकाने विचारलं, आणि आपण?
मी म्हटलं, थँक्यू."

दोघी हसल्या, हसत सुटल्या,
आणि मध्येच एकीचं हसू फाटलं.
कोणाचं ते मी पाहिलं नाही.
मी कोट झटकत होते.

ब्लेझर अंगावरून अंगावर गेला.
खिशात एक टूथपिक, दुमडलेला नॅपकिन
आणि एक कार्ड,
कुणी दिलं ते दाग्नियाला आठवेना.
सान्दिया जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबली.
थांबली म्हणजे थांबलीच.

तेवढ्यात वरून एकशे सतरा नंबर उतरला.
तालिवाल्दिस. आता स्वतःची कंपनी, पूल बांधतो.
सव्वीस वर्षांपूर्वी हाच पोरगा
लष्करातला जुना कोट घालून आला होता,
अडकवायची नाडी तुटलेली.
मी ती शिवून दिली.
त्याला काय आठवणार?
मला टाका आठवतो.

"घाई आहे," तो म्हणाला, "टॅक्सी उभी आहे."
कोट माझ्या हाताला लागला होता,
लोकरीत अजून बाहेरची ओल.
मी हात मागे घेतला.
"जरा थांबा, साहेब. कोट सापडत नाही."

एकतीस वर्षांत माझ्याकडून
कुणाचा हातमोजासुद्धा हरवलेला नाही.
हे कुठेतरी लिहून ठेवा.

मी रांगांतून फिरले. हूक वाजवले.
खोकले. उगाच एक टोपी पाडली, उचलली.
बाहेर आधी काहीच नाही,
मग घड्याळ, मग त्याचा आवाज :
"तुमचाही कोट हरवलाय का?"
"नाही. म्हणजे, माझ्याकडे आहे तो...
हा ब्लेझर अर्धाच माझा आहे."
"अर्धा? कुठला अर्धा?"

पिन दाखवली असावी. कारण तो हसला,
सभागृहात हसतात तसं नाही.
मग खांब असा शब्द आला, मग गंज,
मग बर्फ वितळताना पाण्याचा दाब.
मग सान्दिया न अडखळता बोलत होती
आणि मध्येच म्हणाली,
"हे गणित माझं नाही, हिचं आहे. दाग्निया, ये ना इकडे."
पुढचं ऐकू आलं नाही.
कोटांमध्ये आवाज जिरतात.

टॅक्सीने दोनदा हॉर्न दिला.
मी कोट आणला.
त्याने बाह्यांत हात घातले, बशीत नाणं ठेवलं,
बटणं लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाला,
"तुमच्याकडून असं होत नाही, स्काइद्रितेबाई."

मी काय बोलणार?
बशीतलं नाणं उलटं करून ठेवलं.

नोकरीचं काय झालं मला ठाऊक नाही.
दोघी धावतच बाहेर पडल्या,
ब्लेझर कुणाच्या अंगावर होता देव जाणे,
आणि अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला
त्याच्या खिशात गेला.
हुकावर अजून एक निळा कोट आहे.
बाहेर उणे सहा.
आठवण होईलच.
मी दिवा ठेवलाय.