कानातला खडा

माशाच्या कानात एक खडा असतो.
छोट्याचा तांदळाच्या कणीएवढा,
मोठ्या मबुटाचा चिंचोक्याएवढा.
कापून, घासून भिंगाखाली धरला
की वलयं दिसतात. एक वर्ष, एक रेघ.
हे मला अदेरो ओबुरानं शिकवलं,
किसुमूच्या मत्स्यसंस्थेत, खोली क्रमांक चार,
जिथे मी तेव्हाही नोंदी लिहायचो
आणि अजून लिहितो.

एकोणीस वर्षं तिनं माशांची वयं मोजली.
विसाव्या वर्षी आटला
(सरोवर नाही, निधी)
आणि तिनं स्वतःच्या कानाला खडा लावला:
आता कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही.

कारखान्यामागे कातडी सडायची.
मांसाचे काप विमानानं परदेशी, कातडं कुत्र्यांना.
तिनं मागितली, फुकट मिळाली.
तिसऱ्या महिन्यात कारखान्यानं दर लावला.
पपईच्या पानांचा रस, केळीची राख,
बिघडलेली सतरा पिंपं. तीही तिनं वहीत मांडली,
तारीख, तापमान, वास.

बँकेतल्या माणसानं वासाचंच विचारलं.
तिनं पाकीट त्याच्या हातावर ठेवलं.
त्यानं हुंगलं, उलटं केलं, पुन्हा हुंगलं.
कर्ज दिलं नाही.
पाकीटही परत दिलं नाही.

पाकिटं गुंडाळायला कागद हवा होता.
जुने तक्ते मीच नेऊन दिले,
संस्थेला अजून पत्ता नाही.
तिच्याच अक्षरातले आकडे: लांबी, वजन, वय.
शिवणाऱ्या बाईची पोर, आकेयो, सहा वर्षांची,
एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाली,
हा कोण?
मासा.
मग याचं पुढे काय झालं?

अदेरो गप्प.
नऊ हजार मासे मोजले होते तिनं,
तक्त्यात तो रकानाच नव्हता.

त्या रात्री तक्त्याच्या पाठीवर, घरच्या लुओ भाषेत,
तिनं एका म्हाताऱ्या मासोळीची गोष्ट लिहिली
जी कानातल्या खड्यात ऐकलेलं सगळं साठवते.
आकेयोनं ऐकली आणि चूक काढली:
मासोळी 'मी भिजले' कशी म्हणेल?
तीन-तीन परीक्षकांकडून गेलेले तिचे शोधनिबंध,
असं नेमकं कुणी पकडलं नव्हतं.
तिनं खोडरबर शोधलं.

आता चार पुस्तकं झालीत, पातळ, पिनांची.
पाकिटांपेक्षा कमी खपतात,
आणि पाकिटंही काही फार खपत नाहीत.
महिनाअखेरीला तिचा फोन येतो,
जुने तक्ते उरलेत का?
मी म्हणतो, अठ्ठ्याण्णवचे संपले. दोन हजार तीनचे चालतील?
चालतील, म्हणते,
पण पाठ कोरी हवी.