तो मान, ती मान

विमा कंपनीच्या सर्व्हेअरला
कुणी नव्या गाडीच्या पूजेला बोलवू नये.
मला बोलवलं, कारण मी हेरंबची वहिनी.

बाणेरच्या शोरूममधून थेट कर्वेनगर.
बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं,
सीटचं प्लास्टिक अजून तसंच.
पुढे सासरे, कोट घालून,
त्यांच्या मांडीवर साडेचार वर्षांचा निहार,
दोन्ही पाय डॅशबोर्डवर,
बरोबर तिथे, जिथे ती अक्षरं
इतकी बारीक कोरलेली असतात
की वाचायला अपघात व्हावा लागतो.

‘चतुःशृंगीला जाऊन येऊ,’ हेरंब म्हणाला.

मंगळवारीच मी वाघोलीच्या यार्डात होते.
फुटलेली एअरबॅग पाहिलीत कधी?
पिळायचा राहून गेलेल्या अभ्र्यासारखी लोंबते.
अंगावर पांढरी पूड, गिरणीत असते तशी.
कधी लिपस्टिकचा ठसा, कधी चष्म्याची काडी.
मी फोटो काढते, रकाने भरते.
पट्टा लावलेले बरेच जण
पुढे स्वतः सहीला येतात,
चहा फार गोड म्हणून कुरकुरतात.
म्हणजे बॅग वाईट नाही.
तिला फक्त माणूस कळत नाही.
मोठ्या छातीच्या मापाने शिवलेली ती,
पापणी लवायच्या आत उघडते,
समोर बाळ आहे की बुवा, विचारत नाही.

मराठीत मान दोन आहेत.
तो मान पुढे बसतो,
काच खाली करून, गल्लीला दिसेल असा.
ती मान साडेचार वर्षांची,
दुधीच्या देठाएवढी.
आमच्या घरात आधी त्याचं बघतात.

हे मी बोलले नाही.
मी म्हणाले, ‘पप्पा, सीट जरा मागे घ्या.’
मग, ‘निहार, पाय खाली.’
मग हेरंबची छाती आणि स्टिअरिंग
यांच्यामध्ये हात पसरून माप घेतलं.
वीतभर आणि वर दोन बोटं हवीत,
इथे वीतही मावेना.
‘वहिनी, शिवणकाम कधीपासून?’
सगळे हसले. मीही.

तेवढ्यात पुढच्या सीटच्या बकलमध्ये
ती चिमुकली क्लिप दिसली,
पट्ट्याची टुकटुक बंद करणारी.
नाना पेठेतून आणलेली, गाडीच्याही आधी.
ती मी उपटली
आणि हसणं थांबलं.

सासरे बराच वेळ काचेतून समोर बघत राहिले.
‘तुझ्या यार्डात,’ त्यांनी विचारलं,
‘लहान मुलं होती अशाही गाड्या येतात?’
मी हातातल्या क्लिपशी
उगाच खेळत राहिले.

ते उतरले. कोट सावरत मागे जाऊन बसले.
वाढदिवसाला मी दिलेली निहारची खुर्ची
डिकीत निघाली, खोक्यासकट.
ती बसवेपर्यंत पंचवीस मिनिटं गेली,
मुहूर्तही गेला.
निहारने जो भोंगा पसरला
तो समोरच्या सोसायटीच्या
वॉचमननेही उभं राहून ऐकला.

पुढे बसायला कुणी तयार होईना.
मग तिथे ठेवले पेढे,
पाच नारळ, ओटीची पिशवी.

कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला टुकटुक सुरू झालं.
गाडीला वाटलं, माणूसच आहे.
हेरंबने आरशातून माझ्याकडे पाहिलं,
काही न बोलता वाकला
आणि पेढ्यांना पट्टा लावला.

‘घट्ट लाव,’
मागून सासरे म्हणाले.