दहा रुपयांत ग्वाल्हेर

सासबहूच्या देवळामागे, कठड्याशी
दुर्बीण मांडून बसतात जाखडे.
दहा रुपये. लहान मुलांना पाच.
"तो जयविलास. ते स्टेशन.
तो धूर? तो नका विचारू."

लोक बघतात, फोटो काढतात,
पिवळ्या बदकांची भिंत कुठे, विचारत निघून जातात.

ऊन कलतं. गिऱ्हाईक नसतं.
मग जाखडे नळी वळवतात लष्कराकडे:
जनकगंज, पाण्याची टाकी, तिच्या डावीकडची गच्ची.
कुमुद पापड उलटते आहे.
एकदाही वर आली नाही ही.
म्हणते, रोज दिसतो की किल्ला, फुकट.

आज तिनं कपाळावर आडवा हात धरला,
इकडेच बघत राहिली बराच वेळ.
मागे, पापडांवर, कावळा उतरला.

"हाऽड!" जाखडे ओरडले इथून.
शेजारचा चणेवाला दचकला.