बाजू ब, शेवटचं गाणं

वर माळ्यावर रेकॉर्डिंग, खाली गिरणी.
अमळनेर. अठ्ठ्याऐंशीचा एप्रिल.
भिंतींना गोणपाट, पंखा बंद,
पंख्याचा आवाज येतो म्हणून.
गिरणीचाही येतो, हे युनूसभाई पिंजारींना
दुसऱ्या दिवशी टेप ऐकताना कळलं.

हिलाल बिऱ्हाडे भुसावळच्या शेडात फिटर.
जायला पॅसेंजर, यायला पॅसेंजर,
आणि मधे कधीतरी चुकलेल्या एका गाडीवर हे गाणं:
*मन्ही गाडी गई व, तू काब उनी नही.*
कोरसला आम्ही दोघी. मी नववीत.
चाळीस रुपये मिळाले आणि एक ग्लास उसाचा रस.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी
खाली कुणीतरी मिरची टाकली दळायला.
हिलालभाऊंनी श्वास धरला,
ढोलकीवाल्याने डोळे मिटले,
मी खोकले.
एकदाच. खख्.
“राहू द्या,” युनूसभाई म्हणाले, “टेप महाग आहे.”

बस, तेवढं माझं.
कव्हरवर आमची नावं नव्हती. कव्हरवर एक बाई,
कुठल्याशा कॅलेंडरातून कापलेली,
तिच्यामागे बर्फाचा डोंगर.

उधन्याच्या लूमवर जाणाऱ्यांच्या पिशव्यांतून
कॅसेट सुरतेला गेली
आणि होळीला परत आली तेव्हा
चाल तीच, शब्द निम्मे गुजराती,
गायकही दुसराच.
खोकला जागेवर.

पारोळ्याच्या लोटन मास्तरांनी क्लॅरिनेटवर बसवलं.
खख् आलं की ते जिभेने फुंकर तोडत,
आणि गिरणीची घरघर
त्यांनी मोठ्या पिपाणीकडे कायमची सोपवली.
कुणी विचारलं तर म्हणत,
“मूळ चीजेत आहे. मूळ सोडू नये.”

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला, पावरीवर वाजलं.
तिकडे रूळच नाहीत,
म्हणून गाडीऐवजी नदी गेली.
एरंडोलच्या भजनी मंडळाने मात्र
एक अक्षर बदललं नाही:
गाडी गेली, तू का आली नाहीस,
टाळकरी उपरण्याने डोळे पुसत होते.
मग निवडणुकीत रिक्षावर लागलं.
उमेदवार पडला, गाणं उभंच.

परवा भाच्याने मोबाईलवर ऐकवलं,
पुण्याच्या कुणा मुलाने केलेलं, संथ,
पाण्याखालून आल्यासारखं.
खाली त्याने लिहिलंय:
दुसऱ्या कडव्याआधीचा तो आदिम हुंकार
आमच्या लोकपरंपरेतून घेतला आहे.
मी भाच्याला म्हटलं, मिरची होती रे.
तो म्हणाला, काय?

आणि त्याच्याच हळदीला, शिरपुरात,
पिकअपवर डीजे, मांडवाच्या बांबूंना कंप,
माझ्या ताटात वरण-बट्टी, वांग्याची भाजी.
दुसऱ्या कडव्याशी पोराने आवाज एकदम कापला
आणि तीन-चारशे माणसं, म्हातारे, नवऱ्या मुलीच्या मैत्रिणी,
कडेवरची लेकरंसुद्धा,
एका दमात: खख्!
नववीतली मी
अख्ख्या मांडवाच्या घशातून बाहेर पडले.
मीसुद्धा खोकायला गेले,
एक मात्रा उशीर झाला.

एक सांगायचं राहिलं.
गाण्याला तिसरं कडवं होतं.
बाजू ब, शेवटचं गाणं, टेप संपली.
तिसऱ्यात ती येते.
डबा घेऊन, धापा टाकत, रूळ ओलांडून:
*तू उनी व उनी, पन भाकर शिई व्हयी गई.*
दोघं फलाटावर बसून खातात,
पुढच्या गाडीला वेळ असतो.
खरं सांगायचं तर कडवं काही खास नव्हतं,
यमक ओढूनताणून आणलेलं.
हिलालभाऊ स्वतःच म्हणाले, जाऊ द्या, तिथंच बरं तुटलं.
पण तेव्हापासून सगळा खान्देश
तिला न आलेली म्हणतोय.

हात धुतले, पदराला पुसले,
पिकअपजवळ गेले. वर बघून ओरडून सांगितलं,
बाळा, याला पुढे अजून आहे.
त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवला.
“नाही मावशी,” म्हणाला,
“ओरिजिनलमध्ये एवढंच आहे.”