दोन कडी

ग्रिम्सबीत फेब्रुवारीत
दुपारी दोनलाच दिवे लावावे लागतात.
गालिच्यावर मी दोन कडी मांडते :
लाल सजीवांचं, निळं निर्जीवांचं.
खातं का? वाढतं का? श्वास घेतं का?
प्रश्न भिंतीवर चिकटवलेत.

गोगलगाय लालमध्ये. चमचा निळ्यात.
इथवर सगळं पाठात लिहिल्यासारखं.

मग कास्पर उठतो, हातात फिश फिंगर,
म्हणजे खोक्यावरून कापलेलं चित्र;
त्याची आई त्याच कारखान्यात रात्रपाळीला असते.
लालमध्ये ठेवतो. थांबतो.
निळ्यात ठेवतो.
पुन्हा उचलतो.
"आधी पोहत होता," एवढंच म्हणतो
आणि चित्र खिशात घालून जागेवर जाऊन बसतो.

"मिस चांदो," मेझी म्हणते
(माझं आडनाव इथे कुणी शेवटपर्यंत नेत नाही),
"रेडिएटर जिवंत आहे.
गुरगुरतो. पोटात पाणी आहे त्याच्या.
उन्हाळाभर झोपतो."
पण तो वाढतो का गं?
"माझी नॅन पण नाही वाढत."

इथे माझा पाठ
हळूच निळ्या कड्यात जाऊन पडतो.

तसं या भाषेत सोपं आहे.
माणसं तेवढी ही नाहीतर शी, बाकी सगळं इट :
गोगलगाय इट, चमचा इट,
गोदीपलीकडचा अख्खा समुद्र इट.
आमच्याकडे दगड तो, वाळू ती,
चमचा तो, सुरी ती.
श्वास घेतोस का, असं दारात अडवून
कुणी कुणाला विचारलं नाही,
आधी घरात घेतलं.
आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप
ते मूल मात्र
ते.
ताटासारखं, तळ्यासारखं,
अजून काहीच न ठरलेलं.

सव्वातीनला घंटा. कोट, डबे, चुकीच्या पायात बूट,
फाटकाशी आया, एक आजोबा, एक कुत्रा.

कडी उचलायला वाकते तर निळ्यात,
चमच्याशेजारी, कुणाचा तरी हातमोजा.
डावा. अंगठ्याला भोक.
आत बोट घातलं तर अजून ऊब.

कुणाचा ते उद्या कळेल.
तोवर रेडिएटरवर वाळत ठेवते.
तो गुरगुरतो.
"हो रे, हो," मी म्हणते त्याला,
मराठीतच.